पोलादी तारा

तिच्या दुकानात गिटार घेऊन येणाऱ्याला आधी बोलणी खावी लागत, मग गिटारीकडे पाहिलं जाई. गिऱ्हाइकं पाठीमागे तिला 'पटाशी' म्हणत. लाकूड तासायची पटाशी दिवसभर हातात असते म्हणून हे नाव पडलं, असं ज्यांना वाटे त्यांनी तिचं बोलणं ऐकलेलं नसे. तिलाही ते नाव ठाऊक होतं आणि तिची काही हरकत नव्हती. गोड नाव ठेवलं असतं तर मात्र तिने एकेकाला धरून जाब विचारला असता.

"गाडीच्या डिकीत ठेवली होती? भर उन्हात?" ती विचारी. "तुम्ही स्वतः बसा तासभर त्या डिकीत. मग सांधे सुटतात की नाही ते मला सांगायला या."

दुसऱ्याला म्हणे, "भेगेत हे काय ओतलंत? झटपट गोंद? एवढी कसली घाई होती? ही तुमच्यापेक्षा वयाने मोठी आहे, तिला नव्हती घाई. सरस लावला असता तर उद्या कुणीही ऊब देऊन जोड सोडवला असता. हा दगड आता फळी फोडल्याशिवाय निघायचा नाही."

आणि एखाद्याने जुनी गिटार घासूनपुसून नव्यासारखी चकचकीत करून मागितली, तर ती त्याला सरळ दार दाखवी. जुनं रोगण खरवडलं की आवाजाचीही साल निघते, हे तिचं ठाम मत होतं. त्यावर चर्चा करायला ती तयार नसे.

तरीही लोक यायचे. कारण दुसऱ्यांनी 'टाकून द्या' म्हटलेल्या गिटारी तिच्याकडून गात घरी जात. ती बोटाच्या पेराने फळीवर टकटक करी, कान लावी, आणि आतली कुठली पट्टी सुटलीय ते तिथल्या तिथे सांगे. मग गोल भोकातून छोटा आरसा आणि दिवा आत घालून गिऱ्हाइकाला ती सुटलेली पट्टी दाखवी, वर दोन शब्द सुनावी. दुकान भाड्याचं होतं, हत्यारं वडिलांची होती. तिची स्वतःची अशी एकच कमाई होती: तिने हात लावलेली गिटार बिघडत नाही, हे लोकांच्या तोंडी बसलेलं वाक्य.

हत्यारं वडिलांची होती, म्हणजे अप्पांची. अप्पा गिटारी बनवत आणि दुरुस्तही करत. त्यांना दोन मुलं, मोठा मुलगा आणि ही. मुलाचा हात वाजवायला चांगला आहे असं कुणीतरी पाहुण्याने म्हटलं, आणि त्या दिवसापासून घरात त्या हातांची बडदास्त सुरू झाली. दादाने सुरी धरायची नाही, दादाने बादली उचलायची नाही, दादाच्या नखांना धक्का लागता कामा नये. कारखान्यात मदतीला कुणीतरी हवंच होतं. ती होतीच.

तिलाही वाजवायचं होतं. हे तिने एकदाच बोलून दाखवलं, आणि अप्पा म्हणाले, "आधी तो सरस ढवळ, करपतोय."

पुढे पट्टी कापताना करवतीने तिच्या डाव्या हाताच्या अनामिकेचं टोक नेलं. बोट बांधून देताना आईला रडू आवरेना. "आता ही कधी वाजवणार?" ती म्हणाली. अप्पांनी कामावरून मानही वर केली नाही. म्हणाले, "ही कशाला वाजवतेय? वाजवणारा वर बसलाय."

वाजवणारा खरंच वर बसला होता. माडीवर त्याचा रियाज चालू होता आणि तो थांबला नव्हता.

ती हे विसरली नाही. विसरावं असं तिला वाटलंही नाही. तिच्या मते काही गोष्टी विसरणं हा निव्वळ आळस असतो.

अप्पा गेले तेव्हा वाटणी सोपी झाली. हत्यारं तिला, आणि अप्पांनी शेवटी बनवलेली गिटार दादाला. नायलॉनच्या तारांसाठी बनवलेली, वरची फळी अशी पातळ तासलेली की दिव्यासमोर धरली तर उजेड पाझरावा. ती फळी तासताना धरून कोण बसलं होतं, हे वाटणीच्या वेळी कुणी विचारलं नाही. दादा तोवर 'सर' झाला होता. त्याच्याकडे शिकायला मुलांची रांग लागत होती, आणि भावाबहिणीत जेमतेम नमस्कारापुरतं बोलणं उरलं होतं.

मग एका दुपारी दादा पेटी घेऊन दुकानात आला.

"हिचा आवाज बसलाय," तो म्हणाला.

तिने पेटी उघडली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अप्पांच्या गिटारीवर पोलादी तारा होत्या. पोलादाचा ताण नायलॉनच्या जवळजवळ दुप्पट. फळी पोट फुगावं तशी वर आली होती. तारा ज्या लाकडी घोडीला बांधतात ती मागून उचलली गेली होती, खाली सहज कागद सरकला असता. घोडीपासून कडेपर्यंत भेग गेली होती.

"कुणी चढवल्या या?"

"एका मुलाने. चुकून."

"चुकून एक तार चढते, दादा. सहा चढत नाहीत. तुझ्या डोळ्यांसमोर चढल्या ना? गाढवाच्या पाठीवरसुद्धा माणूस बघून ओझं टाकतो!"

"तू दुरुस्त करणार आहेस की भाषण करणार आहेस?"

"दोन्ही करणार आहे." तिने फळीवर पेराने टकटक केलं. आत सुटलेली पट्टी भुंग्यासारखी गुणगुणली. "ऐकू येतंय?"

"येतंय, येतंय," तो रस्त्याकडे बघत म्हणाला.

"काम होईपर्यंत इकडे फिरकू नकोस. फोनही करू नकोस."

तो खांदे उडवून निघून गेला.

तिने तारा उतरवल्या. रागाच्या भरातही तिने त्या कापल्या नाहीत. ताणलेली तार कापली की फळीला हिसका बसतो, म्हणून एकदा या बाजूची आणि एकदा त्या बाजूची, अशी थोडीथोडी सैल केली. मग गिटार बरेच दिवस नुसती ठेवली, कारण ओढाताण थांबल्यावर लाकूड पुष्कळसं आपलं आपण जाग्यावर येतं. गरम केलेली बोथट सुरी घोडीखाली हळूहळू सरकवून घोडी सोडवली. फुगलेल्या भागावर ऊबदार जाड पत्रा आणि वर फळकूट ठेवून क्लॅम्प लावले. भेगेला आतून लाकडाचे नखाएवढे चौकोन चिकटवले, त्यांच्या रेषा फळीच्या रेषांना आडव्या. क्लॅम्प आवळताना सरस कडेने जरासा डोकावला की थांबायचं. त्यापुढे पिळलं तर सगळा सरस बाहेर पडतो आणि जोड कोरडा राहतो. हे तिला अप्पांनी शिकवलं होतं, कानफटात मारून.

सुटलेल्या पट्ट्या चिकटवायला गोल भोकातून हात आत घालताना तिला अप्पा आठवत होते. अप्पांचा हात त्या भोकातून जात नसे. बारीक मनगट तिचं होतं. अप्पांच्या म्हातारपणीच्या कितीतरी गिटारींची पोटं आतून तिनेच सांभाळली होती, आणि आत चिकटवलेल्या नावाच्या कागदावर सही अप्पांची होती. तिने अप्पांना मनातल्या मनात दोन शिव्या दिल्या आणि पट्टी नीट बसवली.

शेवटी नायलॉनच्या तारा चढवून तिने सूर लावला. आखूड बोटाने जमेल तसा एक स्वरमेळ दाबला आणि छेडला. आवाज निघाला तो अगदी पहिल्या दिवसासारखा, खोल, मऊ, खोलीभर पसरणारा. कारखान्यात ही गिटार पहिल्यांदा वाजली तेव्हा अप्पा चक्क हसले होते. तिला इतका आनंद झाला की तिने दुकानाचं दार लावून घेतलं आणि परत परत तोच एक स्वरमेळ वाजवत बसली.

दादा न्यायला आला. बाकावर बसला, एक लांबलचक चीज वाजवली. सुरेख वाजवली, तिला नाइलाजाने कबूल करावं लागलं. मग त्याने गिटार पेटीत ठेवली.

"आवाज बसलेलाच आहे," तो म्हणाला. "नाही जमलं तुला. हात थकले आता तुझे."

ती जाब विचारायला दाराशी येईपर्यंत तो रस्त्याला लागला होता.

एवढ्यावर थांबलं असतं तर ती गप्प बसली असती. पण थांबलं नाही. थोड्याच दिवसांत एक गिऱ्हाईक आपली गिटार तशीच परत मागायला आलं. घाई आहे म्हणालं. दुसरं आलं, ते तर नजरही वर करेना. मग संगीत शाळेचे मुख्याध्यापक आले. शाळेची सगळी वाद्यं वर्षानुवर्षं तिच्याकडे येत. ते दारातच उभे राहिले.

"सर सांगत होते," ते चाचरत म्हणाले, "वडिलांची गिटार तुमच्याकडून बिघडली म्हणून. त्यांनी तर वाजवणंच सोडलंय. मुलांना नुसतं तोंडी शिकवतात. म्हणतात, जिचा आवाज मेला ती हातात धरवत नाही."

"आणि तुम्ही ती वाजवून पाहिलीत?"

"नाही, पण सर कशाला खोटं बोलतील?"

"शाळेचे सगळे तंबोरे उचला आणि चालू लागा," ती म्हणाली. ते खरंच उचलून चालू लागले.

दुसऱ्या दिवशी ती दादाच्या घरी गेली. काय काय बोलायचं ते तिने वाटेवर ठरवलं होतं. गिटार चारचौघांत वाजवून दाखव म्हणायचं, नाहीतर मी मुख्याध्यापकांनाच घेऊन येते म्हणायचं. लौकिक गेला तर तिच्याकडे लाकडाच्या भुशाशिवाय काही उरत नव्हतं.

वहिनीने दार उघडलं. आत टीव्ही एवढ्या मोठ्याने लावला होता की वहिनीचे शब्द ओठांवरून ओळखावे लागले.

"दादा कुठे आहे?"

"आतल्या खोलीत. थांबा वन्सं, मी आधी..."

पण ती थांबली नाही. तिने आतल्या खोलीचं दार ढकललं.

दादा तिच्याकडे पाठ करून खिडकीपाशी बसला होता. गिटारीवर पुन्हा पोलादी तारा होत्या. त्याने मान वाकवून जबडा गिटारीच्या काठावर घट्ट दाबला होता आणि वाजवत होता, दात लाकडाला लावून, डोळे मिटून. ती त्याला हाक मारत होती. मग ओरडत होती. तो वाजवतच राहिला.

वहिनी मागून आली आणि तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो दचकला. बहिणीला पाहून त्याचा चेहरा उतरला आणि लगेच कठीण झाला.

"कधीपासून?" तिने त्याच्यासमोर जाऊन, तोंड मोठं उघडत विचारलं.

"दोन वर्षं," वहिनी म्हणाली.

"नायलॉनचं काहीच पोचत नाही," दादा म्हणाला. त्याचा आवाज गरजेपेक्षा मोठा होता. "पोलादाचं हाडातून थोडं येतं. थोडंच."

"आणि म्हणून मी बिघडवली?"

"मग काय सांगू? बहिऱ्याकडे कोण मुलाला पाठवेल? गिटार बिघडली म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही."

"माझं गिऱ्हाईक तुटलं. शाळा गेली. माझं काय, याचा विचार केलास?"

"केला," तो म्हणाला. "तू सगळ्यांशी भांडतेस. तुझ्याबद्दल वाईट ऐकायला लोक तयारच होते. मला फार काही सांगावंसुद्धा लागलं नाही."

वहिनी "अहो!" म्हणाली. पण बोलून झालं होतं. आणि ते खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

तिने त्याच्या मांडीवरून गिटार ओढून घेतली. तिथेच जमिनीवर बसून तिने तारा सैल करायला घेतल्या, एकदा या बाजूची, एकदा त्या बाजूची. तो खुर्चीत बसून पाहत होता. दोनदा त्याचा हात पुढे आला, दोन्ही वेळा तिने तो झटकला. त्या हातांवर अजूनही एक ओरखडा नव्हता. आईने, अप्पांनी, मग वहिनीने आणि सगळ्यात जास्त तिने स्वतः ते हात जपले होते. उद्या सगळ्यांना कळलं की सर बहिरे आहेत, तर पुन्हा कुणी त्याला वाजव म्हणणार नाही. मग तिचं बोट कशासाठी गेलं, करपलेला सरस तिने कशासाठी ढवळला, याला काही उत्तरच उरलं नसतं. त्याची तिला दया आली नाही. तिला स्वतःच्या आयुष्याचा हिशेब असा फुकट जाऊ द्यायचा नव्हता.

तारा गुंडाळून तिने खिडकीबाहेर भिरकावल्या. गिटार पेटीत घातली.

"ही माझ्याकडे राहील," ती वहिनीला म्हणाली. "त्याला दुसरी कुठलीतरी दणकट घेऊन द्या. चावू दे तिला हवी तितकी."

ती जिन्यापर्यंत पोचली तेव्हा दादा दारात आला. त्याने एका हाताने चौकट धरली होती. ती पाठमोरी होती.

"सगळ्यांना सांगणार तू?" त्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

ती मागे वळली नव्हती, आणि मोठ्यानेही बोलली नव्हती.

"काय म्हणालीस?" त्याचा आवाज घाबरलेला होता. "काय म्हणालीस तू? ए, इकडे बघून बोल ना!"

वहिनी आत टीव्हीपाशी होती, तिने ऐकलं नव्हतं. वळून एक शब्द ओठांनी सांगितला असता तरी त्याला समजलं असतं. तिने पेटी या हातातून त्या हातात घेतली आणि जिना उतरू लागली.