तयारीच्या सभेतून उठून नागपूरला

मी पहिल्यांदा नागपूरला गेले ती मार्थाबाईंमुळे, आणि मार्थाबाईंनी स्वतः जन्मात नागपूर पाहिलेलं नव्हतं.

सत्तरच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. मी जालन्याला शाळेत शिकवत होते. आमच्या ख्रिस्ती मंडळीत ईस्टरच्या प्रभुभोजनाआधी तयारीची सभा असते. ज्याच्याशी बिनसलं असेल त्याच्याशी आधी समेट करायचा, मगच पाव आणि द्राक्षरस घ्यायला पुढे जायचं, असा नियम. प्रत्यक्षात नळावरची भांडणं तेवढी मिटतात, पण तीही काही कमी नसतात. त्या संध्याकाळी मार्थाबाई सगळ्यांच्या देखत देऊळ, म्हणजे आमचं चर्च, ओलांडून माझ्या बाकापाशी आल्या आणि म्हणाल्या, “सुशीलाबाई, तुमच्या पोळ्या चामड्यासारख्या असतात असं मी चार घरी सांगितलं. मला क्षमा करा.”

मी क्षमा केली. अगदी मोठ्या मनाने. मग खाली बसले आणि मला बसवेना.

माझी धाकटी बहीण कृपा नागपूरला नर्स होती. पाच वर्षांपूर्वी तिने तिथल्याच एका कंपाउंडरशी, वामनशी, नोंदणी लग्न केलं होतं. मुलगा हिंदू, शेतकऱ्याघरचा. मंडळीच्या पंचांनी तिचं प्रभुभोजन बंद केलं आणि बाबांनी तिचं नाव. पण बाबांचा राग म्हणजे उन्हाळ्यातलं दही, टिकायचा नाही. टिकला तो माझा. बाबा गेले तेव्हा कृपाला तार करणं माझं काम होतं. मी केली नाही. पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड टाकलं. मंडळी काय म्हणेल वगैरे कारणं मी लोकांना सांगितली. खरं कारण असं, की बाबांचं दुखणं मी काढलं होतं, आणि तिने ऐन वेळी येऊन रडावं, सगळ्यांनी तिच्याच पाठीवरून हात फिरवावा, हे मला बघवलं नसतं.

त्यानंतरही प्रत्येक वेळी मी ‘माझं कुणाशी वैर नाही’ म्हणत पाव घेतला होता. आता एक बाई पोळ्यांसाठी अख्खं देऊळ ओलांडून आली होती. मी सभेतून उठले, घरी गेले, पिशवी भरली. सोमवारी सकाळी स्टेशनवर.

आज जालन्याहून निघणाऱ्यांना सांगून खरं वाटणार नाही, पण तेव्हा मनमाडपर्यंत छोटी लाइन होती. गाडी इतकी निवांत, की एकदा उतरलेला माणूस पळत येऊन पुन्हा चढला आणि त्याला धापसुद्धा लागली नव्हती. मनमाडला गाडी बदलायची, सामान डोक्यावर घेऊन पूल चढायचा आणि मोठ्या लाइनीच्या गाडीत जिथे जागा मिळेल तिथे टेकायचं. फिरकीचा तांब्या जवळ ठेवा, असा सल्ला मी तेव्हा दिला असता. आता बाटली ठेवा. मार्च-एप्रिलमध्ये भुसावळच्या पुढे हवा तापते, ती काही बदललेली नाही.

समोर बडनेऱ्याला उतरणारं एक शेतकरी जोडपं होतं. बाईने फडकं सोडलं आणि न विचारता माझ्या हातावर भाकरी-ठेचा ठेवला. आता आमच्यात जेवणाआधी प्रार्थना करतात. घरी मी डोळे मिटून, हात जोडून करते. बाहेर लोकांत मात्र मी एक युक्ती काढली होती. दोन बोटांनी कपाळ चोळायचं, डोळे आपोआप मिटतात, तेवढ्यात उरकून घ्यायचं. आमच्यातल्या निम्म्या लोकांना ही युक्ती येते, कबूल कुणी करत नाही.

“डोकं दुखून राहिलं काय वं बाई?” ती म्हणाली.

प्रार्थना करत होते, एवढं सांगायचं. पण तोंडातून गेलं, “हो, थोडं.”

तिने लगेच बामची डबी काढली आणि मायेने माझं कपाळ असं रगडलं, की बडनेऱ्यापर्यंत माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. देवाला नाकारण्याची शिक्षा इतकी ताबडतोब क्वचितच मिळत असेल.

सकाळी नागपूर. सायकलरिक्षाने सीताबर्डीला उतरले, कारण कृपाची ड्युटी दोनपर्यंत असते हे तिच्या जुन्या पत्रांवरून मला ठाऊक होतं, आणि खरं म्हणजे मला भीती वाटत होती. व्हरायटी चौकाजवळ एका टपरीवर तर्री-पोहे खाल्ले. पोह्यांवर हरभऱ्याची लाल तर्री, वर कच्चा कांदा. पहिल्यांदा खाणाऱ्याने ‘तर्री कमी’ असं आधीच सांगावं. मी सांगितलं नव्हतं. तिथून कृपाचा दवाखाना धंतोलीत, पायी वीसेक मिनिटं. तेव्हा तिथे आजच्यासारखी दवाखान्याला दवाखाना लागून रांग नव्हती, पण गावोगावचे पेशंट तेव्हाही धंतोलीतच यायचे. झाडाखाली घोंगडी टाकून त्यांचे नातेवाईक बसलेले असायचे. मीही त्यांच्यात बसले.

दोन वाजता कृपा बाहेर आली. पांढरी साडी, हातात डबा. मला पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

“आता कोण गेलं?” तिने विचारलं.

मी नागपूरला आले म्हणजे कुणीतरी मेलंच असणार, एवढीच आता माझी ओळख होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“कुणी नाही. तुला भेटायला आले.”

“काहून?” ती म्हणाली. तिच्या तोंडी नागपूरची बोली ऐकून मला कसंसंच झालं. ती माझी पिशवी उचलून चालायला लागली.

आज जिथे मनीषनगरच्या इमारती आहेत, त्या बाजूला तेव्हा शेतं होती. बस सोडून, रेल्वे लाइन ओलांडून, बांधाबांधाने बरंच चालावं लागायचं. कृपाचं घर कौलारू, पुढे अंगण, मागे भाजीपाल्याचे वाफे आणि विहीर. तिच्या सासूबाईंनी दारातच पाय धुवायला पाणी दिलं. माझी नजर कृपाच्या कपाळावर गेलेली त्यांनी पाहिली असावी. तिथे कुंकू नव्हतं.

“गाववाले विचारतेत,” त्या म्हणाल्या. “म्या म्हनते, कपाळ माह्या सुनेचं हाये, तुमचं काय जाते?”

दिवे लागायच्या आत जेवायला बसलो. गरम भात, वर कुस्करलेले वडे आणि हिंग-मोहरीचं कडकडीत तेल. वडा-भात. नागपूरकडे कुणाच्या घरी जेवायचा योग आला तर हाच मागा, हॉटेलात ती चव नाही. मी बोटं कपाळाकडे नेलीच होती, तेवढ्यात सासूबाई लेकाला म्हणाल्या, “थांब गा वामन. तिचं आमेन व्हाचं हाये.”

वामनचा हात ताटावर थांबला. सासरे पाठ टेकून बसले. कृपाने डोळे मिटले आणि मोठ्याने प्रार्थना केली. अन्नासाठी, घरातल्या प्रत्येकासाठी, गाभण गाईसाठी, वॉर्डातल्या एका पोरीसाठी. शेवटी म्हणाली, “आणि ताईला सांभाळ.” आमेन झालं, आणि सगळे जेवू लागले.

“रोज घेते तुमचं नाव,” सासूबाई मला वाढताना म्हणाल्या. “एकडाव इसरली, तं म्याच म्हटलं, तुही ताई राहिली वं.”

मी जन्मभर मंडळीत बसणारी, संडे स्कूल घेणारी, आणि परक्यांसमोर देवाचं नाव घ्यायला लाजणारी. इथे चुलीपुढे बसलेली ही बाई माझं नाव राहिलं म्हणून सुनेला आठवण देत होती.

कृपाने मात्र मला हवेत जाऊ दिलं नाही. ताटं उचलताना म्हणाली, “नाव घेते म्हणजे माफ केलं असं समजू नको ताई. कधी कधी जीभ अडते, तरी घेते. नाव टाकलं असतं, तर तू माझ्यापुरती संपली असतीस.”

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, पहाटेच सांबाराच्या जुड्या बांधायच्या होत्या. सांबार म्हणजे आपली कोथिंबीर. बाजारात माल लवकर जातो, म्हणून सगळं घर वाफ्यांत. मी क्षमेची वाक्यं गाडीत पाठ केली होती. सुरुवात केली तर कृपाने हात वर केला.

“ते राहू दे. बाबा कसे गेले ते सांग. सगळं.”

मग मी सांगितलं. कोणत्या कुशीवर होते, शेवटचं काय खाल्लं, अंघोळ कुणी घातली, कोणता कोट घातला, शवपेटीपुढे कोणतं गीत म्हटलं, माती देताना पाऊस भुरभुरत होता ते. ती जुड्या बांधत ऐकत होती. तिला दुसरं काही नकोच होतं, तिच्या वाटचं जे मी ठेवून घेतलं होतं ते हवं होतं. मग तिने विचारलं, “मला विचारलं त्यांनी?”

नाही म्हणता आलं असतं. बाबांचं बोलणं ऐकायला तेव्हा माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

“दोनदा,” मी म्हटलं. “कृपाला तार केलीस का, म्हणाले. मी म्हटलं, केली. मग ते दाराकडे बघत राहिले.”

कृपा उठली. हात धुतले, साडी बदलली आणि माझ्याकडे न बघता ड्युटीवर गेली.

मी पिशवी भरायला घेतली. सासूबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. “आज कृपा बोलनार नाई,” त्या म्हणाल्या. “तुमी पळून जाऊ नका, येवढंच करा. अन् भाकरी येत असन तं थापा.”

मी दिवसभर भाकरी थापल्या, गोठा झाडला, विहिरीवर पाणी शेंदलं. त्या दिवशी मला नागपूरचं काहीही पाहायचं नव्हतं. म्हणून तलाव, किल्ला, बाजार यांची माहिती या लेखात शोधू नका. संध्याकाळी, नेहमीपेक्षा उशिराच, कृपा आली, जेवली, झोपली. प्रार्थनेत माझं नाव आलं, पण त्याआधी ती बराच वेळ थांबली होती.

गुरुवारी सकाळी तिने पिशवी भरली. “सुट्टी भेटली. बाबांच्या कबरेवर येते. तुझ्यासाठी नाही येत.”

परतीच्या गाडीत सासूबाईंनी बांधून दिलेलं फडकं सोडलं. कृपाने डबा मांडीवर घेऊन डोळे मिटले. मीही मिटले, हात जोडून, कपाळाला बोट न लावता. समोरच्या गृहस्थाने आमचं होईपर्यंत आपला घास हातात धरून ठेवला.

ईस्टरच्या पहाटे आमच्यात सगळे कबरस्तानात जमतात. उजाडता उजाडता कबरी झाडतात, फुलं वाहतात, पुनरुत्थानाची गीतं गातात. कृपाने बाबांच्या कबरेवरचं गवत उपटलं, माती सारखी केली. लोक बघत होते, कुजबुजत होते. मी दोन पावलं मागे उभी होते. तिने दगडावर तळहात ठेवला आणि म्हणाली, “बाबा, ताईने आणलं मला.”

एवढंच. खोटं माझं, आणि बाबांपुढे ते निस्तरलं तिने. मी तिथेच मटकन बसले आणि पोटभर रडले.

नंतर देवळात प्रभुभोजन. पुढे जायची बंदी असल्यामुळे कृपा शेवटच्या बाकावर बसली. माझा समेट झाला होता. ज्यासाठी इतका खटाटोप केला, ते आता मला बिनदिक्कत घेता येणार होतं. रांग सुरू झाली. मी कृपाशेजारी बसून राहिले.

“जा ना,” ती म्हणाली.

“तुझ्याबरोबर जाईन.”

ती नागपूरला परत गेली. तिची बंदी उठवावी म्हणून मी पंचांकडे अर्ज केला, तो नाकारला, पुन्हा केला. प्रभुभोजनाच्या प्रत्येक रविवारी मी शेवटच्या बाकावर बसायचे. दुसऱ्याच वेळी मार्थाबाई येऊन शेजारी बसल्या. त्या प्रवासातून माझ्याजवळ राहिलं ते हे. विश्वास म्हणजे गीतं आणि वचनं पाठ असणं, असं मला वाटायचं. कृपाच्या घरी तो रोज ताटापुढे बसून पाळला जायचा, जीभ अडली तरी.

तीन वर्षं लागली. एका ईस्टरला पाळकांनी पुलपिटावरून कृपाचं नाव वाचलं आणि पुढे यायला सांगितलं. मागे वामन आणि सासूबाई बसले होते, सासूबाईंनी चपला हातात धरलेल्या. मला उठवेचना. कृपाने मला कोपराने ढोसलं.

“चाल वं ताई,” ती म्हणाली, “लोक वाट पाहून राहिले.”