भाड्याचा भारत

सव्वीस जानेवारीच्या कार्यक्रमाचे भाड्याचे कपडे परभणीच्या दुकानात परत जातात, किस्से मात्र स्टाफरूममध्येच साचतात. ताडकळसकडच्या आमच्या शाळेत ‘भारताची वेशभूषा’ अठरा वर्षं माझ्याच गळ्यात आहे. दरवर्षी म्हणते, आता बास. आणि दरवर्षी ती कपड्यांची पोती उघडायला पुन्हा मीच!

*

एकदा केरळ झालेल्या पोराला पांढरं मुंडू नेसवत होते. त्याचे आजोबा दारातून बघत होते. स्वतःच्या धोतराचा सोगा सावरत म्हणाले, “बाई, ह्येच्यासाठी परभणीला गेलता व्हय? मी दिलं असतं की!”

*

काश्मीरचा फेरन निघाला की हेडसर तो उचलून थेट शेख सरांपुढे धरतात. “सर, हे कसं घालायचं?” इतकी वर्षं शेख सर मुकाट्यानं पोराला घालून द्यायचे. यंदा म्हणाले, “सर, मी पाथरीचा. काश्मीर मी पण कॅलेंडरवरच बघितलंय!”

*

नऊवारी आम्हा पाच शिक्षिकांपैकी एकीलाही नेसवता येत नाही. म्हणून शिवलेली, इलॅस्टिकची मागवतो. गेल्या वर्षी ऐन स्टेजवर इलॅस्टिक तुटलं. माइकवरचं पोरगं ओरडलं, “बाई, महाराष्ट्र सुटायलाय!”

हेडसर म्हणाले, “पंजाबला पुढं ढकला!”

*

यंदाचं मात्र सांगताना अजून लाज वाटते.

सहावीतली सोनल तांड्यावरची. आईबाप ऊसतोडीला, ती आजीजवळ. बंजाऱ्याचा वेश दरवर्षी तिलाच. यंदा आजीनं स्वतःच्या ओढणीला नवे आरसे लावले आणि निरोप धाडला, दुकानातला नको, माझाच घागरा पोरीला घाला. सोनल म्हणाली, “बाई, मला पंजाबी करा. पोरी हसायल्यात.”

समजवायला हवं होतं. पण मी लय थकले होते. तिला पंजाबी केलं आणि दुकानातला बंजारा ड्रेस दुसऱ्या पोरीला दिला.

कार्यक्रम संपला. दुकानाचा टेम्पो हॉर्न मारत होता आणि नेमका तोच ड्रेस पोत्यात नव्हता. नळापाशी एकजण पाठमोरी दिसली, लहानखुरी. घागरा, आरशांची ओढणी. मी मागून ओढणीच धरली. “अगं, काढ लवकर ते! गाडी थांबलीय!”

ती वळली. सोनलची आजी. नातीला बघायला तांड्यावरून चालत आली होती.

तिनं ओढणी सोडवून घेतली नाही. नुसती म्हणाली, “नातीनं तर घातला न्हाई. आता मला बी काढायला लावायलाव का, बाई?”