सिएनातल्या चपला

इंग्लंडात, मेडनहेडला, लेकीच्या शाळेने इटलीची आर्ट ट्रिप काढली आणि सोबत यायला पालक हवेत असं कळवलं, तेव्हा सगळ्यात आधी हात वर केला तो मी. मुलांसोबत जायचं म्हणून सरकारने माझं चारित्र्य रीतसर तपासून मला निर्दोष ठरवलं. लेकीने मात्र अजून पास केलेलं नव्हतं. बॅग भरताना तिने अट घातली, “ट्रिपवर तू माझी मम नाही, ओके? तू फक्त पेरेंट हेल्पर. अँड प्लीज, मराठी नको.”

पंधरा वर्षांच्या मुलीपुढे कोणाचं काय चालतं? मी कबूल केलं. खरं तर मी निघाले होते ती तिच्यासाठीच. घरात दार लावून बसणारी मुलगी आठवडाभर नजरेसमोर राहील, चुकूनमाकून माझ्याशी बोलेल, एवढंच माझं कलाप्रेम.

फ्लोरेन्सच्या म्युझियममध्ये आर्टचे सर एकेका चित्रासमोर असे रुतायचे की हलायचं नाव नाही. “या निळ्या रंगात किती वेदना आहे पाहा,” असं ते म्हणायचे. वेदना मलाही होती, पण ती टाचेत. मुलं चित्राकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढत होती. बाकीचे पालक गंभीर चेहऱ्याने माना डोलवायचे आणि कॉफी कुठे मिळते ते हळूच एकमेकांना विचारायचे. मीही मान डोलवली. लेक कायम घोळक्याच्या दुसऱ्या टोकाला. एकदाच जवळ आली, ती “एक्सक्यूज मी, मिस” म्हणून पुढे निघून गेली. पोटच्या पोरीने मिस म्हणावं! फार लागलं.

सरांचा दुसरा ध्यास म्हणजे स्थानिक रीतिरिवाजांचा आदर. चर्चमध्ये खांदे झाका, टोप्या काढा, हळू बोला, हे ते बसमध्ये रोज बजावायचे.

सिएनातल्या एका जुन्या चर्चमध्ये बाजूला एक लहानसं चॅपेल होतं. दगडी उंबरा, गार संगमरवरी फरशी, आत तेवणारा दिवा आणि हात जोडून बसलेल्या दोन म्हाताऱ्या. माझं डोकं काही बोलायच्या आत पायांनी निर्णय घेऊन टाकला. चपला उंबऱ्याबाहेर, नीट जोडीने ठेवलेल्या, आणि मी आत डोळे मिटून उभी. चर्चमध्ये पायताणं घालूनच जातात हे मला इतक्या वर्षांत पक्कं ठाऊक झालंय. पण उंबरा आणि दिवा एकत्र दिसले की आमचं काही खरं नसतं.

मागून वर्ग आला, हे मला नंतर कळलं. दाराशी त्यांना चपलांचा जोड दिसला. ब्रिटिश माणसाला नियम सांगावा लागत नाही, नुसता संशय आला तरी तो पाळतो. एका मुलीने बूट काढले, दुसरीने काढले, मग रांगच लागली. ती रांग बघून दोन अनोळखी पर्यटकही अनवाणी झाले. शेवटी सर आले, मुलांची शिस्त बघून भारावले आणि त्यांनीही बूट काढले. त्यांच्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. वासाने मी डोळे उघडले, वळून पाहिलं तर अख्खा वर्ग बूट काढून माझ्यामागे उभा.

तेवढ्यात तिथला रखवालदार ओरडत धावून आला. इटालियन मला येत नाही, पण त्याचे हात स्वच्छ बोलत होते. सर लालबुंद होऊन म्हणाले, “हू स्टार्टेड धिस?”

मी पुढे होणार, इतक्यात लक्षात आलं की माझी लेक आत आलेलीच नाही. ती बाहेर, त्या बुटांच्या ढिगापाशी उभी होती. पहिल्या चपला कोणाच्या, हे तिने केव्हाच ओळखलं होतं. आता ही मला ओळख तरी दाखवेल का?

“माय मम,” ती म्हणाली. “इट्स व्हॉट वी डू ॲट होम, सर.”

कोणीतरी फिसकन हसलं. तिने ओठ चावला. मग खाली वाकून त्या ढिगातून माझ्या चपला शोधल्या, माझ्या पायांपाशी ठेवल्या आणि अख्ख्या वर्गासमोर मराठीत म्हणाली, “आई, घाल ना लवकर. सगळे बघतायत.”

बघतच होते. बघेनात का!