अंजनामावशींनी बदललेलं माप

अंजनामावशी कासारीण समोरच्या बाईच्या तोंडाकडे नाही, आधी तिच्या मनगटाकडे बघायच्या. हात दाबून माप सांगायच्या, "दोन-सहा." टेंभुर्णीत त्यांचं माप चुकलेलं मी ऐकलं नव्हतं. बांगडी घट्टच बसली पाहिजे, हा त्यांचा अभिमान. त्या वारल्या त्याला दीड वर्ष झालं.

माझ्या बायकोला, सुनंदाला, सोरायसिस आहे. कोपरांवर लाल चट्टे, त्यावर पांढरा कोंडा. माझ्या थोरल्या बहिणीनं, वत्सलाअक्कानं, ते गजकर्ण ठरवून तिच्याशेजारी बसणं सोडलं होतं. मावशींनी मात्र तिचा हात उलटसुलट करून पाहिला.

"कोपराचं जुनं हाये. हे मनगटाचं नवं, अन् बराबर माझ्या बांगड्यांच्या रेघंवर. डाक्टरला दाखीव, जल्दी."

जालन्याच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी ते खरं ठरवलं. या आजारात कातडी घासली, खरचटली की तिथं नवा चट्टा उठू शकतो. आजार संसर्गजन्य बिलकुल नाही. मुळापासून जात नाही, पण आटोक्यात राहतो. चट्टे फिके झाले म्हणून मनानं औषध सोडायचं नाही. बोटाच्या टोकाच्या पेरावर काढलेलं मलम दोन पंजांएवढ्या जागेला पुरतं, हे मी दोनदा विचारून पक्कं केलं.

मावशींना सांगितलं, तर त्या हरखल्या. "मंग मी बी अर्धी डाक्टर झाले की, भाऊ."

पुढं आमच्या लेकीचं लग्न आलं. चुडा भरायला मावशी अंगणात बसल्या. भोवती अक्का धरून चौदा बाया. सुनंदा स्वयंपाकघरातून बाहेर येईना. मला म्हणाली, "माझ्या हातामुळं कुणी उठून गेलं तर? पोरीच्या लग्नात नको."

मावशींनी ऐकलं. "आई आधी, मंग नवरी. तवर मी पेटी उघडत न्हाई."

सुनंदा आली. मावशींनी तेल लावून अलगद बांगड्या चढवल्या, नेहमीपेक्षा एक माप मोठ्या.

"मावशी, लई सैल झाल्या. माप चुकलं की तुमचं," एकजण हसली.

"आता न्हाई चुकलं. आधी चुकलं व्हतं."

मग हात न पुसता त्यांनी नवरीचा हात धरला, चुडा भरला आणि वर पाहिलं. "पुढं कोण?"

कुणी हलेना. मग अक्का उठली. ती घरात निघाली, असंच मला वाटलं. पण ती सुनंदाच्या मांडीला मांडी लावून बसली आणि हात पुढं केला.

"लवकर भर. स्वयंपाक पडलाय."

मागं तेरा बाया होत्या. मी मोजत राहिलो. एकही उठून गेली नाही.