पहिल्या पेटीच्या भावाचा फोन

रत्नागिरीतलं सर्वांत महाग मोबाइलचं दुकान माझं होतं आणि सर्वांत शांतही तेच होतं.

झालं असं, की एका जाणकाराचा लेख माझ्या वाचनात आला. महागडे फोन थोडेच खपतात, पण खरी कमाई तेच करून देतात, असं त्यात म्हटलं होतं. मला ते लगेच पटलं, कारण आमच्या बाबांची आंब्याची बाग आहे. हापूसच्या पहिल्या पेटीला सोन्याचा भाव येतो आणि मे संपताना तोच आंबा कॅनिंगला किलोवर जातो. म्हणजे दुकानात नुसत्या पहिल्या पेट्या ठेवायच्या! गणपती तोंडावर आले होते. मुंबईचे चाकरमानी गावी येतात, त्या आठ दिवसांवर आमचं अर्धं वर्ष निघतं.

माझी बायको वैशाली म्हणाली, स्वस्तातले फोन राहू देत. मी तिला समजावलं की त्याने महागाचा रुबाब जातो. सगळे स्वस्त फोन मी समोरच्या दुकानातल्या बंड्याला खरेदीच्या भावात देऊन टाकले. (त्याने वर मला चहा पाजला. तेव्हाच शंका यायला हवी होती.) मोकळ्या जागेत एसी आणि सोफा आला. कपाटात मखमलीवर तीन फोन मांडले. त्यातल्या एकाचं खोकं मी कौतुकाने फोडलं, लोकांना हाताळून बघता यावं म्हणून.

पहिले आले गावचे तात्या. आतला गारवा लागताच ते परत बाहेर गेले आणि चपला काढून आले. किंमत ऐकून मटकन सोफ्यावर बसले. "वायच पाणी दे रे," एवढंच म्हणाले. पाणी प्यायले आणि समोर जाऊन बंड्याकडून फोन घेतला.

मग तीच रीत पडली. लोक माझ्याकडे फोन हाताळायचे, त्यावर स्वतःचे फोटो काढायचे आणि खरेदीला समोर जायचे. तिसऱ्या दिवशी बंड्याकडे इतकी गर्दी झाली की तोच गिऱ्हाइकांना सांगू लागला, नंबर येईस्तोवर समोर एसीत बसा. त्याची रांग माझ्या सोफ्यावर बसली, आणि मी त्यांना पाणी देत होतो.

तरी माझी भिस्त चाकरमान्यांवर होती. चुलतभाऊ नंदू मुंबईहून उतरला, तसा मी त्याला दुकानात ओढलाच. त्याने शांतपणे खिशातून अगदी तोच फोन काढला. मुंबईत हप्त्यावर घेतलेला. जुना फोन त्याने धाकट्या भावासाठी आणला होता. पुढचा प्रत्येक चाकरमानी असाच निघाला.

घरी बाबा दुर्वा निवडत होते. मी सगळं रडगाणं ऐकवलं. त्यांनी मान वर केली नाही.

"आपली पहिली पेटी रत्नागिरीत कोण खातो रे? ती मुंबयला जाते. हितं आपण डागी आंबा खातो. आणि तू मेल्या, मुंबयवाल्याला मुंबयचीच पेटी गावात विकाय बसलायस."

मला खरोखर लाज वाटली. इतकी वर्षं पेट्या मीच भरल्या होत्या आणि त्या जातात कुठे, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

वैशालीने मात्र वेळ घालवला नाही. तिने एसटीने चिपळूणहून कव्हरं आणि स्क्रीनच्या काचा मागवल्या आणि दारातच टेबल मांडलं. मुंबईहून आलेल्या प्रत्येक नव्या फोनला कव्हर हवं होतं, आणि भावाला दिलेल्या प्रत्येक जुन्या फोनला नवी काच. उरलेले चार दिवस तिला जेवायला फुरसत मिळाली नाही. सीझन तिने वाचवला.

दोन फोन डीलरने परत नेले. तिसऱ्याचं खोकं फोडलेलं, म्हणून तो घेईना. वैशालीने तो मलाच विकला, माझ्या खिशातून पैसे घेऊन. त्या सीझनला आमच्या दुकानात आलेलं महाग फोनचं ते एकुलतं एक गिऱ्हाईक. आणि वैशाली अजून सगळ्यांना सांगते, इतकं चिकट गिऱ्हाईक तिने आजवर पाहिलेलं नाही.