बाहेरची कडी

हे मी बायकोलाही सांगितलं नाही. ती जाऊन सहा वर्षं झाली, म्हणजे आता तिला सांगायची सोयही उरली नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की ओळखीच्या माणसासमोर तोंड उघडायचं धैर्य नाही म्हणून? तसंच असेल.

बिबवेवाडीत मी पाच वर्षं नगरसेवक होतो. त्याआधी शाळेत मराठी शिकवायचो. अजूनही भाजी घेताना कुणी भेटलं की म्हणतं, "सर, तुमच्या वेळचं राजकारण सभ्य होतं हो." मी हसतो. त्या हसण्याची मला आताशा किळस येते.

माझ्याविरुद्ध माधवराव उभे होते. सायकलच्या सुट्या भागांचं दुकान चालवायचे. पक्ष वेगळा, पण वैर कसलं? आमच्याकडे पाणी येत नव्हतं, तेव्हा आम्ही दोघांनी एकाच स्कूटरवरून महापालिकेत खेटे घातले होते. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. संध्याकाळचा चहा बहुतेक त्यांच्याकडेच व्हायचा.

त्यांच्या आईला सगळे अक्का म्हणत. अक्कांना विसरण्याचा आजार जडला होता. पोटच्या मुलाला त्या आपला भाऊ समजायच्या आणि "मला माहेरी सोड" म्हणत चपला शोधायच्या. माधवराव दुकान बंद करून दुपारी घरी यायचे, ते त्यांना भरवायला. मी पाहिलंय — एकेका घासाला अर्धा अर्धा तास. दोनदा अक्का घराबाहेर पडल्या. दुसऱ्यांदा चौकात सापडल्या, बसच्या पुढ्यात उभ्या. त्या दिवशी मी माधवरावांना म्हणालो, "खोलीला बाहेरून कडी बसवा. वाईट वाटून घेऊ नका." त्यांना वाटलंच वाईट. आठवडा गेला तरी त्यांचा हात धजेना. शेवटी सुतार मी आणला. मी.

हे नीट लक्षात ठेवा. मला विसरता येत नाही.

मग निवडणूक आली. रहिवाशांनी आम्हा दोघांना एकाच मांडवात बोलायला बोलावलं. मी बोलत असताना माधवरावांचाच एक कार्यकर्ता मागून ओरडला, "मास्तर, शाळेत किती दिवस हजर असता ते सांगा!" लोक हसले. माधवराव उठले, माझ्या हातातून माइक घेतला आणि म्हणाले, "सरांनी माझ्या मुलीला शिकवलंय. त्यांच्याबद्दल वाकडं बोलायचं असेल, तर उद्यापासून माझ्या प्रचाराला येऊ नका." माइक मला परत दिला आणि खाली बसले. टाळ्या पडल्या, त्यांच्यासाठी. मला आनंद व्हायला हवा होता ना? मला राग आला. एवढा मोठेपणा माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी मिळवावा?

चार दिवसांत आमच्या प्रचारातल्या मुलांनी वॉर्डात उठवलं, की माधवराव आईला डांबून ठेवतात. कुणीतरी खिडकीतून कडी पाहिली होती. ही कंडी मी पिकवली नाही. इतकी वर्षं मी स्वतःला हेच वाक्य ऐकवत आलोय. पण थांबवली का? नाही.

आणि मग — सांगतो, सांगतो — सिंधूताईंचं घर. त्या भजनी मंडळ चालवायच्या, दोन-तीन गल्ल्यांतल्या बायका त्यांच्या शब्दाबाहेर नव्हत्या. मी मत मागायला गेलो होतो, एकटाच. त्यांनी पाणी दिलं आणि सरळ विचारलं, "सर, तुमचं त्यांच्याकडे जाणंयेणं आहे. त्या म्हातारीला कोंडून ठेवतात, ते खरं का हो?"

एक वाक्य पुरलं असतं. 'कडी मी बसवून घेतली, तिच्या जिवासाठी.' ओठांपर्यंत आलं होतं का? प्रामाणिकपणे सांगतो — नाही. मी मान खाली घातली. थोडं थांबलो. वर्गात महत्त्वाच्या ओळीआधी थांबायचो, तसा. आणि म्हणालो, "कडी बाहेरून आहे. माझ्या डोळ्यांनी पाहिलीय. बाकी दुसऱ्याच्या घरातलं मी काय बोलू?"

शब्द न् शब्द खरा होता. इतकं नीच खोटं मी दुसरं कधी बोललो नाही.

सिंधूताईंनी माझं नाव घेतलं नाही, बायकांना फक्त "खात्रीनं कळलंय" एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी बायका माधवरावांच्या दारात जमल्या. एकीनं त्यांच्या बायकोला तोंडावर विचारलं, "तुमच्या आईला अशी ठेवली असती का?" त्या संध्याकाळी माधवरावांनी स्वतः पान्हा घेऊन कडी उखडून काढली. मला कळलं होतं. मी जाऊ शकलो असतो, मधे पाचच इमारती होत्या. प्रचारफेरी होती, असं मी घरी म्हणालो.

मतदानाच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, अक्का बाहेर पडल्या. सून स्वयंपाकघरात होती. सातारा रस्त्यावर टेम्पोनं त्यांना उडवलं. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

मी निवडून आलो. गुलाल लावून घेतला. ड्रेनेजच्या लाइन टाकल्या, दवाखाना आणला, कुणाशी उद्धट बोललो नाही, कुणाला रांगेत ताटकळत ठेवलं नाही. त्यानं काय झालं? अक्का माहेरी पोचल्या?

तेराव्याला मी माधवरावांकडे गेलो. न जाऊन चाललं नसतं, लोकांनी विचारलं असतं. त्यांनी डोकं भादरलेलं होतं. मला बाजूला घेऊन गेले. मला वाटलं, कळलं यांना. खरं सांगू? क्षणभर सुटल्यासारखंही वाटलं. पण ते म्हणाले, "सर, सगळा वॉर्ड माझ्या घराबद्दल बोलत होता. तुम्हाला सोयीचं असूनही तुम्ही एक शब्द काढला नाहीत. मी हे विसरणार नाही."

मी म्हणालो, "अहो, एवढी सभ्यता तर पाळायलाच हवी."

असं म्हणालो मी. त्यांच्या आईच्या तेराव्याला, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून.

माधवराव आता धायरीला मुलीकडे असतात. ऐकू कमी येतं. दर दिवाळीला न चुकता त्यांचा फोन येतो. यंदाही आला. मी तब्येत विचारली, मोठ्यानं, दोनदा. मग फोन ठेवला.