पहिलं ताट वंदनाचं

नांदुऱ्याला उतरलो तेव्हा नुकतं फटफटत होतं. फलाटावर माझ्या स्वागताला एक वकीलबाई आणि एक कुत्रं हजर होतं. दोघांत कुत्रं जास्त प्रेमानं वागलं. वकीलबाईंनी मला वरून खालपर्यंत पाहिलं, "नाटक्या, पोट केवढं वाढवलंस!" एवढं म्हटलं आणि त्या गाडीकडे चालू लागल्या.

ही ज्योती. कॉलेजात आम्ही एकांकिका करायचो. ती संवाद विसरली की मी सांभाळून घ्यायचो आणि मी विसरलो की ती खुदकन हसायची. आता ती बुलढाणा जिल्ह्यात वकिली करते आणि तिची निम्मी पक्षकार मंडळी अपंग आहेत. "प्रजासत्ताक दिनाला ये, नाटक दाखवते," असा तिचा फोन आला होता. नाटक म्हटल्यावर मी कुठेही जातो.

गाडी उत्तरेला निघाली. पूर्णेच्या काठचा हा भाग खारपाणपट्टा (जमिनीखालचं पाणी खारट असलेला मुलूख). हे मला ठाऊक नव्हतं. वाटेतल्या टपरीवर चहाचा पहिला घोट घेतला आणि मालकाला मोठ्या थाटात सांगितलं, "भाऊ, साखरेच्या डब्यात मीठ पडलंय."

"डब्यात नाही, जमिनीत हाय ना भाऊ," तो शांतपणे म्हणाला. "गोड बिस्कुट घ्या संगं, बरोब्बर होते."

बरोब्बर झालं. दोन पुडे संपवले.

पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेचून झालेली कपाशी उभी होती, मधूनच हरभऱ्याचा हिरवा चौकोन. सोनाळ्याच्या बाजूला संत्र्याच्या बागा दिसू लागल्या आणि समोर सातपुडा आळसावल्यासारखा लांबच लांब पसरलेला. ज्योती स्टिअरिंगवर बोटं वाजवत प्रकरण सांगत होती.

वंदना नावाची चाळिशीची शिवणकाम करणारी बाई. लहानपणी पोलिओनं पाय गेले. हातानं चालवायच्या तीनचाकी सायकलवर फिरते. घर गावाच्या पार टोकाला, त्यामुळे गिऱ्हाईक ठरलेलं. आता फाट्यावर ग्रामपंचायत गाळे देणार आहे. त्यातला एक अपंग व्यक्तीसाठी ठेवावा आणि तो आपल्याला मिळावा, असा तिचा अर्ज. कायदा तिच्या बाजूनं. अडचण एकच. ग्रामसभा भरते सभागृहात, सभागृह पहिल्या मजल्यावर आणि वर जायला फक्त जिना. मागच्या सभेत ती खाली असताना वर चर्चा झाली, की तिला फाट्यावर कुठं जमणार, घरीच बरी. आज शेवटचा निर्णय.

"मग खेच ना कोर्टात!" मी गरजलो.

"तेच म्हणाले मी. ती म्हणते, मले गावावर केस नाही टाकाची, मले गावात बसाचं हाय."

गावाचं नाव छापायचं नाही, अशी ज्योतीची ताकीद आहे. सोनाळ्याच्या पुढचं एक गाव, एवढं पुरे.

पोचलो तेव्हा झेंडावंदन सुरू होत होतं. झेंडा मैदानात, म्हणजे जमिनीवर. तिथे वंदना पहिल्या रांगेत होती. अबोली रंगाचं साधंच पातळ, पण ब्लाऊजच्या बाहीला अशी नाजूक झालर, की माझी नजर तिथेच. राष्ट्रगीत तिनं सगळ्यांत खणखणीत म्हटलं. मग मुलांना गोळ्या वाटल्या आणि ती सायकल वळवून निघून गेली.

आता जेवण, मग सभा, असा इथला क्रम. सरपंचांचं गणित सरळ होतं. "खाल्ल्या अन्नाले जागून लोक जिना चढते, भाऊ." मैदानाच्या कडेला गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे (कणकेचे जाडजूड गोळे) भाजत होते. मोठ्या गंजात (पातेल्यात) वांग्याची भाजी रटरटत होती. त्या वासानं मी ज्योतीला, कायद्याला आणि माझ्या रक्तातल्या साखरेला साफ विसरलो.

कडुनिंबाखाली पंगत बसली. पानं वाढली. मी रोडगा फोडायला हात घातला, तोच सरपंचांनी मनगट धरलं.

"थांबा. पहिलं ताट वंदनाचं."

गावची ही रीत. कुठलंही गावजेवण असो, पहिलं ताट वंदनाच्या घरी जातं. नामदेवकाका नावाचे पागोटेवाले म्हातारे ते घेऊन जातात आणि रिकामं ताट परत आणतात. मगच श्लोक, मगच घास.

"एका साली विसरलो," सरपंच कानात म्हणाले. "त्याच हप्त्यात गारपीट! हरभरा साफ झाला. तवापासून चूक नाही. सांगा, कोन्या गावात अशी माया हाय?"

काकांनी तुपानं माखलेलं ताट फडक्यानं झाकलं आणि अनवाणी निघाले. सगळं गाव मांडी घालून, वाफाळत्या पानावर नजर लावून बसलं. मीही. ज्योती मात्र कडुनिंबाच्या शेंड्याकडे फार निरागसपणे पाहत होती. हा चेहरा मी ओळखतो.

काका परत आले. ताट भरलेलंच.

"घराले कुलूप हाय."

पंगतीत कुजबुज पसरली. तेवढ्यात कुणीतरी बोट दाखवलं. सभागृहाच्या जिन्याच्या पहिल्या पायरीला आडवी सायकल लावून वंदना बसली होती, पदरानं वारा घेत. जानेवारीत!

काका ताट घेऊन तिच्यापुढे उभे राहिले. "काऊन वो वंदे, काय करून राह्यली? घे ना बापा ताट."

"घेते ना काका. नाही कुठी म्हणून राह्यली? सभा झाली का घेते. इथंच, खाली."

सरपंच धावले. "अवो, मांगच्या खेपेले चार जण धाडले होते ना तुले उचलाले!"

"नवरी हाय का मी?" वंदना म्हणाली. "मले उचलू नका. सभा उचला."

आयुष्यात मी बरेच संवाद म्हटले. असा एक माझ्या वाट्याला आला नाही.

सरपंच ज्योतीकडे वळले. "मॅडम, सभा सभागृहातच लागते. नियम हाय."

"कुठल्या कलमात? दाखवा," ज्योती म्हणाली. "सगळ्यांना येता आलं पाहिजे, ते कलम मी दाखवते. पिशवीतच आहे."

"कलम मंग वाचा बे!" पंगतीतून आवाज आला. "रोडगे थंडे होऊन राह्यले!"

"बिन वंदनाचं खाऊन टाका ना मग," एक तरणा म्हणाला. त्याच्याकडे सगळ्यांनी असं पाहिलं, जणू त्यानं आभाळातून गारा मागवल्या.

मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. टेबल आलं, माइक आला, ग्रामसेवक आले, शेवटी सरपंचांची खुर्ची दोघांच्या खांद्यावर डुलत आली. पानांवर पानं पालथी झाकली आणि ग्रामसभा कडुनिंबाखाली भरली.

सरपंचांनी घसा साफ केला. "आपल्या दिव्यांग भगिनी..."

"दिव्यांग म्हणा का अजून काही म्हणा, जिना तोच हाय," वंदना म्हणाली. "गाळ्याचं बोला."

शेषराव उठले. त्यांना गाळा पुतण्यासाठी हवा होता. "मी वाईट नाही बोलत. पण फाट्यावर ट्रका, धूळ, गर्दी. तिले कसं जमन?"

"गर्दी पाह्यजे म्हणून तर जागा मांगते, शेषरावभाऊ! घरी बसून कोनाचे माप घेऊ, कोंबड्यांचे?"

बायकांत खसखस पिकली. हात वर करायला सांगितल्यावर पहिल्यांदा त्यांचेच हात गेले. मग नवऱ्यांनी इकडेतिकडे पाहून आपले वर केले. गाळा मंजूर, गाळ्यापुढे सायकलसाठी उतार बांधायचं मंजूर, आणि यापुढे सभा खालीच, तेही मंजूर.

ज्योतीनं सुस्कारा सोडला. मी पानाकडे पाहिलं. पण वंदना थांबेना. वर्षानुवर्षं साठलेलं होतं बिचारीकडे! रस्त्याचा दिवा चुकीच्या खांबावर, अंगणवाडीचं दार उलट्या बाजूला, आणि नवा नळ शाळेजवळ नको, तिच्या आळीत हवा.

इथे नामदेवकाका भडकले. ताट अजून हातातच. "चूप वंदे! तुले नळातलं काय समजते? त्या आळीत पाणी चढते तरी का? सोताचं घर पाहून बोलून राह्यली!"

तिला असं कुणी कधी बोललं नव्हतं. काकाही दचकले.

वंदनानं पदर खोचला. "तुमची सून शाळेजवळ राह्यते, म्हणून तुमाले तिथं पाह्यजे! सांगू का सगळ्याइले?"

दोघं जे भांडले! सातपुड्यापर्यंत ऐकू गेलं असेल. हात वर झाले. वंदना सपशेल हरली. नळ शाळेजवळच.

मग ताट तिच्यापुढे ठेवलं गेलं. शाळेतून बाकं आली, तिच्या शेजारी बायका बसल्या आणि गुडघ्यांचं निमित्त करून मीही. काकांनी फुरंगटून श्लोक म्हटला. रोडगे गार झाले होते. मी चार खाल्ले.

"नळाचं वाईट वाटलं का?" मी तिला विचारलं.

"कायचं वाईट, भाऊ?" तिचा चेहरा गाळा मिळाला तेव्हापेक्षा जास्त फुललेला. "आजवर काही बी म्हनलं का सारे मान हालवून हाव, हाव म्हणत अन् आपल्या मनाचंच करत. आज काका भांडला माह्यासंग."

परतीच्या गाडीत समोरच्या प्रवाशाला मी हे सगळं साभिनय ऐकवलं. त्यानं विचारलं, "म्हणजे बाई जिंकली ना?" मी म्हटलं, एक बाजी जिंकली, एक हरली. तो हळहळला. त्याला कसं समजावणार? गाळ्यावर तिचा हक्क होताच, तो उशिरा का होईना मिळाला. पण ज्या गावानं तिला वर्षानुवर्षं पहिलं ताट दिलं, त्यानं त्या दुपारी तिला पहिल्यांदा हरू दिलं. आणि निघताना मी पाहिलं, ती काकांना अडवून पुढच्या सभेची धमकी देत होती.